इंग्रजीतलं ‘फील’ कसं वापरायचं: आधी वहीतलं ‘वाटणे’ खोडा

माझ्या वर्गात नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत एक ओळ असतेच: फील म्हणजे वाटणे. कधीतरी शाळेत फळ्यावरून उतरवलेली आणि तेव्हापासून तोंडपाठ. ओळ खोटी नाही, पण तिच्या भरवशावर बोलायला गेलं की गाडी लगेच अडते. ‘मला वाटलं तू गावाला गेलास’ यातल्या वाटण्याला इंग्रजीत फील चालत नाही. उलट ‘थंडी वाजते’, ‘झोप येते’, ‘कापड हाताला मऊ लागतं’ यांत वाटणं औषधालाही नाही, आणि तिथे इंग्रजीत नेमकं फील येतं.

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. नर्सिंग करून परदेशी निघालेल्या मुली असतात, लेकाकडे सहा महिने राहायला जाणारे आजी-आजोबा असतात, दुकान सांभाळून येणारेही असतात. हे क्रियापद मी सगळ्यांना एकाच क्रमाने शिकवते: आधी हात, मग शरीर, मग मन आणि सगळ्यात शेवटी मत. हा क्रम माझ्या मनाचा नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द मुख्यतः स्पर्श करून जाणून घेण्यासाठी होता, बाकीचे अर्थ त्यातून फुटले. त्या वाटेने गेलं की पाठांतर फार करावं लागत नाही.

पहिली पायरी: तोंडात नीट बसवा

‘फील’ दीर्घ आहे. ऱ्हस्व ‘फिल’ म्हणजे भरणे. दिन-दीन अशा मोजक्या जोड्या सोडल्या तर मराठीत बोलताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून कुणाचं काही अडत नाही, त्यामुळे आपल्या जिभेला ती सवयच नाही. इंग्रजीत मात्र शब्दच बदलतो. यावर एक सोपा उपाय आहे. आधी ‘मीठ’ म्हणा, मग ‘मिठाला’ म्हणा. ‘मीठ’मध्ये ओठ थोडे ताणले जातात आणि आवाज लांबतो, ‘मिठाला’मधला ‘मि’ आखूड होतो. ‘मीठ’सारखं फील, ‘मिठाला’सारखं फिल. ‘फ’साठी वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवा आणि हवा सोडा. ‘फूल’ म्हणताना दोन्ही ओठ मिटतात, तसे मिटू देऊ नका.

भूतकाळ आहे फेल्ट. शेवटचा ‘ट’ खाऊ नका, नाहीतर ‘फेल’ ऐकू येतं आणि त्याचा अर्थ ‘पडलो’. दवाखान्यात ‘आय फेल्ट डिझी’ आणि ‘आय फेल’ यांत फार फरक आहे. पहिल्यात नुसती चक्कर आली, दुसऱ्यात माणूस पडला, आणि पुढच्या तपासण्या त्यावरून ठरतात.

दुसरी पायरी: हात

साडीच्या दुकानात दुकानदार म्हणतो, ‘ताई, हात लावून तर बघा.’ त्याला हवं असतं ते टच नव्हे, फील. टच म्हणजे नुसता स्पर्श, चुकून झाला तरी तो टचच. फील म्हणजे स्पर्श करून काहीतरी समजून घेणं: जाड आहे की पातळ, ओलं आहे की कोरडं. म्हणून ‘फील द क्लॉथ’. आपण या कामाला ‘बघणे’ लावतो: हात लावून बघणे, नाडी पाहणे, ताप आहे का ते कपाळावर हात ठेवून बघणे. इंग्रजीत त्या बघण्याच्या जागी फील येतं. ‘शी फेल्ट हिज फोरहेड’ म्हणजे तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. अंधारात भिंत चाचपत बटण शोधलं तर ‘आय फेल्ट फॉर द स्विच’. हे चाचपणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता याच हाताची दुसरी बाजू बघा. उकडीचे मोदक करताना उकड परातीत काढून, हाताला तेल-पाणी लावत मळतो. सुरुवातीला ती खरखरीत असते, कडेला चिरा पडतात. मळत गेलं की एका क्षणी तळव्याखाली ती गुळगुळीत लागायला लागते आणि मगच पारी न फाटता वळते. सुनेला शिकवताना आपण म्हणतो, ‘हाताला मऊ लागली पाहिजे.’ इंग्रजीत: ‘द डो शुड फील सॉफ्ट.’ इथे मराठी आणि इंग्रजी अगदी शेजारी बसतात. दोन्हीकडे कर्ता उकडच आहे आणि दोन्हीकडे वाक्यातून हाताचा मालक गायब आहे. ‘लागणे’ म्हणजे फील ही जोडी ‘वाटणे’च्या आधी वहीत लिहा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘फील्स सॉफ्टली’. क्रियापदाला क्रियाविशेषण लागतं हा शाळेतला नियम आठवतो आणि हात तिकडे जातो. अशा वेळी मराठीत विचारून पाहा: उकड ‘मऊ’ लागते की ‘मऊपणे’ लागते? उत्तर लगेच मिळतं. घोंगडी अंगाला टोचते, ‘इट फील्स स्क्रॅची’. पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे दमट लागतात, ‘दे फील डॅम्प’. तेलाचा डबा चिकट लागतो, ‘इट फील्स स्टिकी’. घरातल्या दहा वस्तूंना हात लावा आणि दहा वाक्यं मोठ्याने म्हणा. माझ्या वर्गात हा एक अख्खा दिवस चालतो, आणि जे लाजून कधी तोंड उघडत नाहीत तेही त्या दिवशी बोलतात, कारण वस्तू हातात असते.

तिसरी पायरी: शरीर

इथे थोडा वेळ काढा. आपल्यासाठी खरी अवघड जागा ही आहे.

मराठीत संवेदना माणसाकडे चालून येतात आणि प्रत्येकीची चाल वेगळी. थंडी वाजते. भूक लागते. झोप येते. चक्कर येते. गुदगुल्या होतात. उकडतं. मळमळतं. कणकण वाटते. सगळीकडे ‘मला’ आहे, ‘मी’ नाही. मी काही करत नाही, माझ्यावर ते येतं. मला हे फार सुंदर वाटतं आणि वर्गात मी तसं सांगतेही. कारण इंग्रजी शिकायला आलेल्या माणसाला आपली भाषा काहीतरी चुकीचं करते असं वाटता कामा नये. जर्मन शिकणाऱ्यांना तर हे घरचंच वाटेल. तिथे थंडी वाजते तेव्हा ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणतात आणि त्यातलं ‘मिअर’ म्हणजे चक्क आपलं ‘मला’.

इंग्रजीत मात्र ‘मला’चं ‘आय’ होतं, थंडी-झोप या नामांची विशेषणं होतात, आणि वाजणं, येणं, लागणं, होणं हे सगळे ओढे एका फीलमध्ये येऊन मिळतात. थंडी वाजते: ‘आय फील कोल्ड’. झोप येते: ‘आय फील स्लीपी’. ‘आय ॲम गेटिंग स्लीप’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण ते ‘झोप येते’चं शब्दाला शब्द केलेलं भाषांतर आहे, तेवढं सोडा. चक्कर येते: ‘आय फील डिझी’. कणकण: ‘आय फील फीवरिश’. अंगात त्राण नाही: ‘आय फील वीक’. ‘आय फील’ आणि ‘आय ॲम फीलिंग’ हे तब्येतीच्या बाबतीत दोन्ही चालतात, त्यात डोकं शिणवू नका.

सगळंच मात्र फीलमध्ये येत नाही. पाय दुखतो तर ‘माय लेग हर्ट्स’ म्हणा. ‘आय फील पेन इन माय लेग’ समजतं, पण साध्या बोलण्यात ते जड वाटतं. सर्दी, खोकला, ताप हे इंग्रजीत माणसाजवळ असतात: ‘आय हॅव अ कोल्ड’. म्हणजे ‘आय हॅव अ कोल्ड’ ही सर्दी आणि ‘आय फील कोल्ड’ ही थंडी. या दोघांची अदलाबदल मी दर बॅचला ऐकते.

आता ‘सिक’. माझ्या वर्गातल्या एक आजी मुलाकडे इंग्लंडला गेल्या होत्या. अंगात कणकण होती म्हणून दवाखान्यात नेलं. नर्सने विचारल्यावर त्या न अडखळता म्हणाल्या, ‘आय ॲम फीलिंग सिक.’ नर्स धावत गेली आणि पुठ्ठ्याचं एक भांडं आणून तिने त्यांच्या हनुवटीखाली धरलं. आजींना काही कळेना. परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘बाई, माझं काय चुकलं?’ त्यांचं काही चुकलं नव्हतं, मीच शिकवायचं राहिलं होतं. ब्रिटनमध्ये ‘फील सिक’ म्हणजे मळमळणं, ओकारी येईलसं होणं. अमेरिकेत त्याचा अर्थ बहुधा नुसतं आजारी वाटणं. बरं नाही एवढंच सांगायचं असेल तर ‘आय फील अनवेल’ किंवा ‘आय डोन्ट फील वेल’ म्हणा, हे दोन्हीकडे निर्धोक. तसंच ‘अनइझी’. आपल्याकडे ‘अनइझी वाटतंय’ म्हटलं की डॉक्टरांना छातीतली अस्वस्थता, घाबरल्यासारखं होणं, सगळं समजतं. बाहेर ‘आय फील अनइझी’ म्हणजे मनाला काहीतरी खटकतंय, एवढंच. छातीत दडपण असेल तर ‘माय चेस्ट फील्स टाइट’ असं सरळ सांगा. पुन्हा कर्ता बदलला बघा, उकडीसारखाच.

दाताच्या दवाखान्यात भूल दिल्यावर डॉक्टर टोचून विचारतात, ‘कॅन यू फील धिस?’ इथे फीलबरोबर ‘कॅन’ येतं, कारण प्रश्न संवेदना पोचते का हा आहे. उत्तरं तीन शिकून ठेवा. काहीच कळत नसेल तर ‘नो, इट्स नम’. दाब कळतो पण दुखत नाही: ‘आय कॅन फील प्रेशर, बट नो पेन’. दुखतंय: ‘येस, इट हर्ट्स’. घरातल्या कुणाचा हात अचानक बधिर झाला आणि तातडीच्या क्रमांकावर फोन करावा लागला तर ‘ही कान्ट फील हिज लेफ्ट हँड’ हे एक वाक्य पुरतं. बधिर होण्याला ‘नो फीलिंग इन द हँड’ असंही म्हणतात. हे फीलिंग एकवचनी, म्हणजे संवेदना. अनेकवचनी ‘फीलिंग्ज’ म्हणजे भावना. पेपरात ‘धार्मिक भावना दुखावल्या’ असं जे वाचतो, त्यातली भावना ही दुसरी. १९२७ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेल्या कलम २९५-अ मध्ये ‘रिलिजस फीलिंग्ज’ असेच शब्द होते. आज भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा कलम २९९ खाली आहे आणि शब्द तेच आहेत.

हवेच्या ॲपवर मुंबईचं तापमान ३३ दिसतं आणि खाली ‘फील्स लाइक ४१’. हवेत दमटपणा जास्त असला की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. म्हणून पारा ३३ वर असला तरी शरीराला उकाडा ४१ चा जाणवतो. अमेरिकेची हवामान सेवा यासाठी जो उष्णता निर्देशांक वापरते, त्याचा पाया रॉबर्ट स्टेडमन यांच्या १९७९ मधल्या कामात आहे. आपल्यापुरतं व्याकरण एवढंच, की हवेबद्दल बोलताना कर्ता ‘इट’ घ्यायचा: ‘इट फील्स हॉट’. ‘उकडतंय’मध्ये कर्ता नसतोच, इंग्रजीला मात्र ती जागा रिकामी ठेवता येत नाही.

भूकंपाच्या बातमीत ‘धक्के जाणवले’ असतं, इंग्रजीत ‘ट्रेमर्स वेअर फेल्ट’. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हाची आठवण सांगणारा माणूस म्हणेल, ‘आय फेल्ट द हाउस शेक.’ घर हललेलं मला जाणवलं. ‘शेक’च्या आधी ‘टू’ लावायचं नाही. पायावर काहीतरी चढताना जाणवत असेल तर ‘आय कॅन फील समथिंग क्रॉलिंग अप माय लेग’.

चौथी पायरी: मन

इथे आता ‘वाटणे’ वहीत लिहायला हरकत नाही. आनंद, एकटेपण, अपराधीपण: ‘आय फील हॅपी’, ‘आय फील लोन्ली’, ‘आय फील गिल्टी’. ‘आय फील मायसेल्फ व्हेरी हॅपी’ असं म्हणू नका. ‘मला स्वतःला’ची ओढ असते, पण ते ‘मायसेल्फ’ काढून टाका. (जर्मनमध्ये नेमकं उलट, तिथे ‘इश फ्यूले मिश’ म्हणताना ते ‘मिश’ लागतंच. दोन्ही भाषा एकदम शिकणाऱ्यांनी इथे सांभाळा.)

कंटाळा आला: ‘आय फील बोअर्ड’. ‘आय ॲम फीलिंग बोअरिंग’ नव्हे. ज्याला कंटाळा येतो तो बोअर्ड, ज्याच्यामुळे येतो ते बोअरिंग. टायर्ड-टायरिंग, एक्सायटेड-एक्सायटिंग याच चालीचे. फीलनंतर माणूस बोलतोय तर ‘ड’वाला शब्द, एवढं धरून चाला.

‘लाज वाटते’ मात्र तीन घरांत वाटून द्यावं लागतं. नव्या माणसासमोर बोलवत नाही ती लाज ‘शाय’. चारचौघांत साडीवर आमटी सांडली ती ‘एम्बॅरस्ड’. आपण वाईट वागलो याची लाज ‘अशेम्ड’. कुणी मदत केली आणि अवघडल्यासारखं झालं म्हणून ‘आय फील अशेम्ड’ म्हटलंत, तर ऐकणारा विचारात पडेल की तुमचा गुन्हा काय.

‘वाईट वाटलं’चंही तसंच. तिच्या घरी दुःखद घटना घडली आणि आपल्याला वाईट वाटलं: ‘आय फेल्ट बॅड फॉर हर’. आपण तिला टोचून बोललो याचं वाईट वाटलं: ‘आय फील बॅड अबाउट इट’. कुणी आपल्याला बोललं आणि मनाला लागलं: ‘आय फेल्ट हर्ट’. ‘फॉर’ दुसऱ्याच्या दुःखासाठी, ‘अबाउट’ आपल्या हातून घडलेल्यासाठी. आपल्याकडे स्पष्ट बोलण्याआधी ‘डोन्ट फील बॅड’ म्हणतात, ‘वाईट वाटून घेऊ नका’चं ते सरळ भाषांतर. परदेशात त्या जागी ‘प्लीज डोन्ट टेक धिस द राँग वे’ म्हणा.

मघाशी भिंत चाचपताना ‘फील फॉर’ भेटलं होतं. तेच माणसाबद्दल वापरलं की कळवळा होतो: ‘आय फील फॉर हिम’. अंधारात हात पुढे जावा तसं मन त्याच्याकडे जातं. मला या क्रियापदाचा हा सगळ्यात आवडता वापर आहे.

पाचवी पायरी: ‘फील लाइक’

‘-वंसं वाटणं’ हे मराठीचं एक देखणं रूप आहे. रडावंसं वाटतं, बोलावंसं वाटत नाही. इंग्रजीत त्याला ‘फील लाइक’ आणि पुढे ‘इंग’: ‘आय फील लाइक क्राइंग’, ‘आय डोन्ट फील लाइक टॉकिंग’. ‘आय फील टू क्राय’ चूक. चहा प्यावासा वाटतो तर नुसतं ‘आय फील लाइक अ कप ऑफ टी’. यात मी चहाच्या कपासारखी झाले असं काही नाही, नवख्यांना हे सांगावं लागतं. पण ‘आय फील लाइक अ गेस्ट इन माय ओन हाउस’ म्हणजे स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. दोन्हीकडे शब्द तेच, अर्थ पुढच्या नामावरून कळतो.

एक इशारा गंभीरपणे देते. अंगात त्राण नाही, जमणार नाही, यासाठी ‘आय डोन्ट फील अप टू इट’ असं आहे. त्यातलं ‘टू’ कधीही गाळू नका. ‘फील अप’ एवढंच राहिलं तर त्याचा अर्थ कुणाच्या अंगाला वाईट हेतूने हात लावणं असा होतो. मुलींनी हा दुसरा अर्थ ओळखून ठेवावा, तक्रार करायची वेळ आली तर तो शब्द लागतो.

सहावी पायरी: मत

‘मला वाटतं पाऊस येईल.’ ‘मला वाटलं तू गावाला गेलास.’ हे अंदाज आहेत, माहितीबद्दलचे. इथे ‘थिंक’: ‘आय थिंक इट विल रेन’, ‘आय थॉट यू हॅड गॉन होम’. ‘मला वाटतं आपण तिला आणखी एक संधी द्यावी’ हा मनाचा कौल आहे, तिथे ‘आय फील वी शुड गिव्ह हर अनदर चान्स’ शोभतं, ‘थिंक’पेक्षा जरा मऊ लागतं. शंका आली तर ‘थिंक’ म्हणा, ते सहसा चुकत नाही. मत सांगताना ‘आय ॲम फीलिंग दॅट’ म्हणायचं नाही, इथे साधा ‘आय फील’च.

तयार वाक्प्रचार थोडेच पुरेत. ‘फील फ्री टू कॉल’ म्हणजे संकोच न करता फोन करा. ‘नो हार्ड फीलिंग्ज’ म्हणजे मनात काही ठेवू नका. ‘फील द पिंच’ म्हणजे पैशाची चणचण जाणवणं. आणि ‘गेट द फील ऑफ इट’ म्हणजे हात बसणं. नवीन गाडी घेतली की क्लच कुठे पकडतो ते पहिले चार दिवस कळत नाही, मग पायाला आपोआप कळायला लागतं, ते हे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘फील गुड’ इतकं गाजलं की ते मराठी अग्रलेखांतही तसंच्या तसं उतरलं. आणि आजची मुलं ‘काय फील आहे यार’ म्हणतात तेव्हा फील हे नाम असतं. ते इंग्रजीतही चालतं, ‘द फील ऑफ खादी’, फक्त तिकडे पुढे ‘ऑफ’ लावून कशाचा ते सांगायचं.

सराव कसा करायचा

एक आठवडा खिशात छोटी वही ठेवा. दिवसभरात मराठीत जे जाणवेल ते मराठीतच टिपा, जसं तोंडात येईल तसं: ‘पंखा लावला तरी उकडतंय’, ‘भाकरी कडक लागली’, ‘मीटिंगमध्ये अवघडल्यासारखं झालं’, ‘फोन करावासा वाटला’. इंग्रजी लगेच लिहू नका. रात्री वही उघडून प्रत्येक ओळीला विचारा: हे हाताचं आहे, शरीराचं, मनाचं की मताचं? कर्ता मी की वस्तू? मग बाजूला इंग्रजी लिहा आणि मोठ्याने वाचा. ज्या ओळीला फील बसत नाही तिच्यापुढे ‘हर्ट’, ‘हॅव’ किंवा ‘थिंक’ लिहा. आठवड्याच्या शेवटी अशा ओळी वेगळ्या काढा, पुढच्या आठवड्याचा अभ्यास तिथून सुरू करायचा.